किशी स्टेशन: मावशीबरोबरचे चार दिवस

सोमवार, १५ एप्रिल २०१९

ओसाकात उतरल्यापासून मावशीने एकच धोशा लावला होता. "ते मांजराचं स्टेशन कधी दाखवतेस?" किल्ले, बुलेट ट्रेन, मोठमोठी दुकानं हे सगळं तिला नंतर चाललं असतं.

कारण मला ठाऊक होतं. मावशी शेंदुर्णीची. पाचोऱ्याच्या शाळेत शिकवायला तिने एकवीस वर्षं पीजेने ये-जा केली. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छप्पन किलोमीटर धावणारी आमच्याकडची छोटी गाडी. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे जायचे तीही पीजेनेच. ही गाडी बंद होणार अशी बातमी दर दोन-चार वर्षांनी उठायची, आणि मावशी तेवढे दिवस जेवणावरसुद्धा नीट लक्ष द्यायची नाही. मग कधीतरी तिच्या वाचनात आलं की जपानमध्ये बंद पडायला निघालेली एक छोटी लाइन गावकऱ्यांनी वाचवली आणि तिथल्या किशी नावाच्या शेवटच्या स्टेशनवर मांजर स्टेशनमास्तर आहे. तो कागद तिने कापून जपून ठेवला होता. येताना पर्समध्ये घालून आणलाही.

ती लाइन निघते ते वाकायामा ओसाकाच्या दक्षिणेला, गाडीने साधारण दीड तास. दुपारी पोचलो, सामान हॉटेलात टाकलं आणि किल्ल्यावर गेलो. तोकुगावा घराण्याच्या किशू शाखेचं हे ठाणं. मूळचा मनोरा दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात जळाला, आत्ताचा १९५८ साली पुन्हा उभारलेला. चेरीची फुलं जवळपास गळून गेली होती, खंदकाच्या पाण्यावर पाकळ्यांचा मळकट गुलाबी थर होता.

जेवणाचा प्रश्न मात्र आला. इथलं प्रसिद्ध रामेन डुकराच्या हाडांच्या रश्शातलं, आणि मावशी पक्की शाकाहारी. शेवटी दुकानातून उमेबोशी घातलेले भाताचे गोळे घेतले. उमे हे जर्दाळूच्या जातीचं फळ. ते मिठात मुरवून उन्हात वाळवलं की उमेबोशी होतं. जपानातलं निम्म्याहून अधिक उमे एकट्या वाकायामा प्रांतात पिकतं. मावशीने गोळा फोडला, आतलं लालसर फळ जिभेवर ठेवलं आणि डोळे घट्ट मिटले. "अगं, हे तर आपलं मुरलेलं लिंबू!" दोन गोळे तिने खाल्ले, तिसरा उद्याच्या गाडीसाठी रुमालात बांधून ठेवला.

मंगळवार, १६ एप्रिल

मांजरांनाही आठवड्याची सुट्टी असते, म्हणून वार बघूनच मंगळवार ठरवला होता.

वाकायामा स्टेशनवर किशीला जाणाऱ्या किशिगावा लाइनचा फलाट नववा, सगळ्यात शेवटचा. भुयारी वाटेने आठ फलाट मागे टाकत जायचं, मग एक छोटं फाटक लागतं. तिथे दिवसभराचे दोन पास घेतले. मोठ्या स्टेशनच्या कडेला जागा मिळालेली ही गाडी बघून मावशी म्हणाली, "आमचीही पाचोऱ्याला अशीच एका कडेला उभी असायची. मेन लाइनचे लोक बघायचेसुद्धा नाहीत."

समोर उभी होती ती तामा गाडी. तामा हे पहिल्या मांजर स्टेशनमास्तरचं नाव. दोनच डबे, पांढरे. त्यांच्यावर मांजराची १०१ चित्रं: पळणारं, झोपलेलं, शेपटी उभारलेलं. तोंडाला मिशा, वर दोन कान. आत लाकडी फरशी, मुलांच्या पुस्तकांचं कपाट, आणि प्रत्येक बाक वेगळा. या लाइनवर स्ट्रॉबेरी गाडी आहे, उमेबोशी गाडी आहे, तेव्हा खेळण्यांची गाडीही होती. डबे मात्र सगळे जुने, आधीच्या कंपनीकडून आलेले. नवे घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून जुन्यांनाच असं सजवलं. स्ट्रॉबेरी गाडीसाठी लोकांनी वर्गणी दिली, आणि देणाऱ्यांची नावं डब्यात लावलेली आहेत. ती नावं परतीच्या प्रवासात मी मावशीला वाचून दाखवली. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर असतात तशी, एकाखाली एक.

गाडीत गार्ड नाही, एकटा ड्रायव्हर. मावशीने त्याच्या मागचीच जागा धरली. पांढरे हातमोजे घातलेला तरुण मुलगा होता. सिग्नल दिसला की त्याच्याकडे बोट दाखवून तो मोठ्याने बोलायचा. फलाट सोडताना तसंच, वळणावर तसंच. आपण बघितलंय हे स्वतःच्याच कानांना ऐकवायची ही पद्धत आहे, म्हणजे सवयीने हात चालतो आणि लक्ष भलतीकडे असतं असं होत नाही. मावशीला ते फार आवडलं. "मी पोरांना पाढे असेच म्हणायला लावायचे," ती म्हणाली, "बोट ठेवून, मोठ्याने."

ही लाइन १४.३ किलोमीटरची, स्टेशनं चौदा. पहिली काही शहरातच आहेत, घरांच्या परसदारातून गाडी जाते. कपडे वाळत घातलेले, कोबीचे वाफे, सायकली. मग घरं विरळ होतात, शेतं लागतात. मधल्या बहुतेक स्टेशनांवर माणूस नाही. मागच्या दाराने चढताना आकडा छापलेली चिठ्ठी घ्यायची, उतरताना पुढच्या दाराशी ड्रायव्हरजवळच्या पेटीत ती चिठ्ठी आणि पैसे टाकायचे. आणि जागोजागी एकच घोषणा लिहिलेली: 'नोत्ते नोकोसो, किशिगावा-सेन'. गाडीत बसू या, किशिगावा लाइन टिकवू या.

इदाकिसोला उतरलो. कंपनीचं कार्यालय आणि गाड्यांची शेड इथेच आहे. इथेही एक मांजर नेमलेली, तिचं नाव योनतामा, म्हणजे चौथी तामा. ती आमच्याकडे पाठ करून खिडकीतलं ऊन खात बसली होती. पाच मिनिटांवर इताकिसो देऊळ, झाडांच्या देवाचं. या मुलखाचं जुनं नावच 'की नो कुनी', झाडांचा देश. देवळात एका जुन्या प्रचंड खोडाला आरपार भोक आहे, त्यातून वाकून पलीकडे गेलं की अरिष्ट टळतं अशी श्रद्धा. मावशीने पदर खोचला आणि गेली. मधे क्षणभर थांबून तिने खोडाला आतून हात लावून बघितला. बाहेर आल्यावर तळहात माझ्या नाकाशी धरला. दमट लाकडाचा, थोडासा कापरासारखा वास होता.

परत स्टेशनवर आलो तर एक आजोबा फलाटाच्या कडेचं गवत उपटत होते. गणवेश नव्हता, डोक्यावर टॉवेल बांधलेला. मी विचारलं, तुम्ही रेल्वेत आहात का? ते म्हणाले, नाही, मी प्रवासी आहे. मग त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि बोलायला लागले. मी जमेल तसं मावशीला मराठीत सांगत गेले.

ही लाइन १९१६ साली सुरू झाली, किशीपर्यंत १९३३ मध्ये पोचली. पुढे ती नानकाई कंपनीकडे होती. माणसं मोटारी घेऊ लागली, गाडी रिकामी पडू लागली, आणि वर्षाला पन्नास कोटी येनच्या आसपास तोटा व्हायला लागला. २००४ मध्ये कंपनीने आपण ही लाइन सोडणार असं जाहीर केलं. त्यावर गावोगावच्या लोकांनी संघटना उभी केली. सभासद सहा हजारांवर गेले. सह्या झाल्या, सभा झाल्या, शाळांमधून चर्चा झाल्या. त्या लोकांनी मागणी करता करता स्वतःला एक शिस्तही लावून घेतली: आपण बसलो नाही तर ही गाडी मागायचा आपल्याला हक्क नाही. प्रांत सरकारने जमीन विकत घेण्याचा खर्च उचलला. वाकायामा शहर आणि किशिगावा गाव यांनी दहा वर्षांत मिळून ८२ कोटी येनपर्यंतचा तोटा भरून द्यायचं कबूल केलं. मग चालवणारा शोधण्यासाठी जाहीर निविदा निघाली आणि ओकायामाच्या ट्राम कंपनीने काम घेतलं. १ एप्रिल २००६ ला नव्या नावाने गाडी धावली. तेव्हा वर्षाचे प्रवासी सुमारे १९ लाख होते. दहाएक वर्षांत ते २२ लाखांच्या वर गेले.

"आणि मांजर आणायचं कोणाला सुचलं?" मावशीने विचारलं.

आजोबा हसले. मांजर कोणी आणली नाही, ती होतीच तिथे. किशी स्टेशनलगतच्या दुकानात राहायची. खर्च वाचवायला स्टेशनवरचा माणूस काढला, आणि मांजरांची खोपटी होती ती जागाही मोकळी करायची वेळ आली. तेव्हा दुकानाच्या मालकीणबाईंनी नव्या कंपनीचे अध्यक्ष कोजिमा मित्सुनोबू यांना विचारलं, या मांजरांना स्टेशनात राहू द्याल का? कोजिमांनी तामाकडे पाहिलं आणि त्यांना ती टोपी घातलेली दिसली. ५ जानेवारी २००७ ला तामा स्टेशनमास्तर झाली. तिच्या मापाची टोपी शिवली, पगार म्हणून मांजराचं खाणं. पुढच्या वर्षी प्रांताच्या राज्यपालांनी तिला मानाची पदवीही दिली.

पुढची गाडी आली तसं आजोबांनी खुरपं उचललं आणि आम्हाला वाकून निरोप दिला. मावशीने हात जोडले.

इदाकिसो सोडल्यावर गाडी एका तळ्यावरून जाते, दोन्ही बाजूंना पाणी. इदाकिसोपुढे सगळी मिळून पाचच स्टेशनं. किशीला रूळ संपतात.

स्टेशन बाहेरून बघायला आम्ही आधी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. २०१० साली मितोओका एइजी या रचनाकाराने ते बांधलं. छप्पर सुरूच्या जातीतल्या हिनोकी झाडाच्या सालीचं, जपानी देवळांना असतं तसं थरावर थर बसवलेलं. त्याला वर दोन कान, खाली डोळ्यांसारख्या दोन खिडक्या. फोटोत मला ते खेळण्यासारखं वाटलं होतं. जवळून मात्र सालीच्या कडा दिसतात, एकेक थर बोटाएवढाही जाड नाही, आणि असे किती थर एकमेकांवर चढवलेत ते मोजताच येत नाहीत. इतकं कष्टाचं, इतकं जुन्या पद्धतीचं काम एका तोट्यातल्या लाइनच्या शेवटच्या स्टेशनसाठी करावंसं वाटलं, हे मला मांजरापेक्षाही मोठं वाटतं. जे टिकवायचं आहे ते चांगलंच असलं पाहिजे, कसंबसं चालवलेलं नव्हे, असा त्या छपराचा आग्रह आहे.

आत काचेच्या खोलीत स्टेशनमास्तर नितामा. नितामा म्हणजे दुसरी तामा. पांढरी, काळी, तांबूस, तीन रंगांची, केसाळ. टोपली तिच्या अंगाने पूर्ण भरली होती आणि ती गाढ झोपलेली होती. काचेभोवती दहा-बाराजण, पण आवाज कुजबुजीएवढाच. फ्लॅश मारायला मनाई आहे. एका चिमुरडीने काचेवर नाक टेकवलं तर तिच्या आजीने तिला हळूच मागे ओढलं. मावशी काचेसमोर उकिडवी बसली. मांजराचं पोट वर-खाली होत होतं, एक कान मधेच फडकायचा. बराच वेळ बघून मावशी म्हणाली, "चेहऱ्यावर किती समाधान आहे बघ."

पहिली तामा २२ जून २०१५ ला गेली, सोळा वर्षांची होऊन. तिचे अंत्यविधी स्टेशनवरच शिंतो पद्धतीने झाले आणि सुमारे तीन हजार माणसं आली होती. फलाटावर आता तिचं छोटं देऊळ आहे. शेजारी स्ट्रॉबेरीचं आणि खेळण्यांचं अशी आणखी दोन इवली देवळं. मावशीने रुमालातला उमेबोशीचा गोळा तामापुढे क्षणभर ठेवला, मग उचलून अर्धा मला दिला. नैवेद्य दाखवून झाला होता.

स्टेशनातल्या उपाहारगृहात आम्ही चहा आणि इथल्याच शेतातल्या स्ट्रॉबेरी घेतल्या. किशिगावा भाग स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध आहे. मग फलाटावरच्या बाकावर बसून राहिलो. पर्यटकांना घेऊन गाडी गेली की स्टेशन एकदम गप्प होतं. कुठेतरी ट्रॅक्टर चालू असतो, तेवढाच आवाज. मावशी वेळापत्रकासमोर उभी राहून आकडे वाचत होती, आकडे तेवढे तिला वाचता येत होते. "अर्ध्या अर्ध्या तासाला गाडी आहे गं," ती म्हणाली. "आमची दिवसातून दोनदा यायची. चुकली की दिवस गेला. मग माणूस जीपने जाणारच ना? इथे चुकली तरी बाकावर बसायचं, दुसरी येते."

त्या एका वाक्यात मावशीने सगळं सांगून टाकलं असं मला वाटलं. मी इतकी वर्षं जपानात आहे, या लाइनबद्दल पुष्कळ वाचलंय, पण वेळापत्रकाकडे असं कधी बघितलं नव्हतं.

बुधवार, १७ एप्रिल

आज कोयासान, डोंगरावरचं मठांचं गाव. हाशिमोतोला आम्ही फलाट शोधत बसलो आणि गाडी डोळ्यांसमोरून गेली. पुढच्या गाडीने निघालो. दाट सुरूबनातून वळणं घेत गाडी गोकुराकुबाशीला पोचते. नावाचा अर्थ सुखावतीचा पूल. तिथून केबल कार, मागच्याच महिन्यात सुरू झालेली नवी लाल गाडी, पाच मिनिटांत डोंगरावर नेते.

खाली फुलं गळून गेली होती, इथे आठशे मीटरवर चेरी आत्ता उमलत होती. कोबो दाइशी या बौद्ध भिक्षूंनी ८१६ साली हा डोंगर मागून घेऊन मठ स्थापला. ओकुनोइन या जुन्या दफनभूमीतली दोन किलोमीटरची वाट शेकडो वर्षांच्या देवदारांमधून जाते, दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त स्मारकं. त्यांतल्या, पाच दगड एकावर एक रचलेल्या स्मारकांवर सिद्धम् लिपीतली अक्षरं कोरलेली असतात. भारतातून चीनमार्गे आलेली ही लिपी. शेवाळ बोटाने बाजूला करून मावशी एका अक्षरापाशी अडली. खालून वर अ, व, र, ह, ख: पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, आकाश. वळण आपल्या अक्षरांचं नाही, पण ओळख लागते. तिने पाचही अक्षरं मोठ्याने म्हटली, बोट ठेवून.

कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात २०१३ साली मैत्रीचा करार झाला, त्यानंतर सप्टेंबर २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. तीनच दिवसांपूर्वी जयंती होऊन गेली होती. मावशी पुतळ्यासमोर हात जोडून उभी राहिली. शाळेत दर वर्षी जयंतीच्या भाषणांची तयारी तीच करून घ्यायची.

जेवण मठातलं, कांदा-लसूण नाही, मांस-मासे नाहीत. वाळवलेला कोया तोफू रस पिऊन स्पंजासारखा फुगलेला, आणि तिळाचा मऊ तोफू. मावशी म्हणाली, आठ दिवसांत पहिल्यांदा कुणालाही काही न विचारता जेवले.

गुरुवार, १८ एप्रिल

परत ओसाकाला जायचा दिवस. मावशीचं विमान शनिवारचं, कारण तेवीसला आमच्याकडे मतदान, आणि ते चुकवणं तिला मान्य नव्हतं. पण पहाटे पाचला तिने मला उठवलं. "चल, किशीला जाऊ. सकाळची गाडी बघायची राहिली."

सातच्या आधी पोचलो. काचेची खोली रिकामी, दुकान बंद, उपाहारगृह बंद. छपराच्या कानांवर दव होतं. आणि स्टेशनवर माणसं येत होती. सायकलींची रांग लागलेली, शाळेच्या गणवेशातली मुलं-मुली, एक सूट घातलेला गृहस्थ, एक बाई हातात दोन डबे घेऊन. कोणी फोटो काढत नव्हतं. काचेच्या खोलीकडे कोणी पाहतही नव्हतं.

गाडी आली. ड्रायव्हर आपली बॅग घेऊन उतरला, फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाला गेला, टोपी सारखी केली आणि तिकडच्या खोलीत चढला. आत्तापर्यंत शेपूट होतं ते आता तोंड झालं. मावशी चढणाऱ्यांना मोजत होती, हजेरी घेताना मोजायची तशी, ओठ हलवत. एकेचाळीस.

दारं बंद व्हायला अर्धं मिनिट राहिलं असेल तेव्हा एक मुलगी सायकलवरून सुसाट आली. सायकल रांगेत लावली, कुलूप लावलं, पळाली. मावशीने माझं मनगट धरलं. मुलगी चढली, दार लागलं, ड्रायव्हरने समोर बोट दाखवलं आणि गाडी हलली. मावशीने मनगट सोडलं तेव्हा तिथे तिच्या बांगड्यांचे वळ उमटले होते.

"पहिल्या वर्षी मी अशीच पळायचे," ती म्हणाली. "ड्रायव्हर ओळखायचा. हॉर्न वाजवून वाट बघायचा."

आम्ही पुढच्या गाडीने निघालो.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि पीजे थांबली ती थांबलीच. आता तिथे ब्रॉडगेज व्हायची आहे. मावशीने किशीचा तो दिवसाचा पास आपल्या जुन्या पीजेच्या पासाबरोबर एका डब्यात ठेवलाय. दुपारी जेवण झालं की ती मला फोन करते. आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात.

"किशीत चार वाजले," ती म्हणते. "पोरं निघाली असतील."